मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावरून सायबर फॉरेन्सिकमध्ये जाता येतं का? तिथली माणसं मुळात कुठून येतात?

हीटगनवाली (कुडाळ) | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

मी बीएस्सी आयटी. पास होऊन तीन वर्षं झाली. मधे चार महिने मुंबईत कॉल सेंटर करून बघितलं, पावसात डोंबिवलीच्या खोलीत पाणी शिरलं, आणि घरी आले ती आलेच. तेव्हापासून मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. पुढे काउंटरवर मामा. मागे मायक्रोस्कोप, हीटगन आणि मी. आमच्याकडचे निम्मे फोन पाण्यातले. मालवणचे होडीवाले, निवतीच्या बंदरावर पाय घसरलेलं कोणी, तारकर्लीला खिशात फोन ठेवूनच समुद्रात उतरलेले पुण्याचे पाहुणे. सगळे आधी चार दिवस फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि मग आणतात. तोवर चार्जिंग आयसीच्या पायांशी हिरवट थर धरलेला असतो. तो खरवडायचा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवायचं, तुटलेल्या रेषा जोडायच्या आणि फोन उठवायचा, हे माझं काम. बरं जमतं मला ते.

आता मुद्दा. दीड महिन्यापूर्वी एक ओळखीचे हवालदार आले. खाडीत मिळालेला फोन होता. "गे बाय, ह्यो फक्त चालू करून दी. आत काय आसा ता बघूचा आसा." मी नेहमीसारखा उघडला, धुतला, दुसरी बॅटरी लावली, दोन तासांत चालू केला. सिम आतच. टॉवर मिळाला आणि टणाटण मेसेज पडायला लागले. मी खूश, हवालदार खूश, मामाने चहा सांगितला.

आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि विचारायला लागल्या. फोन आला तेव्हा आतली बॅटरी कुठली होती? ती आता कुठे आहे? सिम कोणी काढलं का? नेमका किती वाजता चालू झाला? तेव्हा दुकानात कोण कोण होतं? पॅटर्न कोणी टाकून बघितला का, किती वेळा? आवाज जराही चढला नाही त्यांचा. मला मात्र एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. जुनी बॅटरी तर कचऱ्याच्या गाडीत जाऊन सहा दिवस झाले होते. हवालदारांना वरून बोलणी बसली, आता ते दुकानासमोरून जाताना पलीकडे बघत जातात.

वाईट वाटलं ते आहेच. पण तेव्हापासून डोक्यात एकच: त्या बाई करतात ते काम मला करायचंय. त्यांना विचारायचं राहिलं की तुम्ही इथे आलात कुठून. म्हणून इथे विचारते. या तपासातली माणसं आधी काय करत असतात? इंजिनिअरच लागतो का? पोलीस व्हावंच लागतं का? बाबांचं म्हणणं, "पोलिसांच्या भानगडीत चेडवाक कित्याक घालूचा?" त्यांना काय सांगू तेही सुचवा.


सायबर_योद्धा_९९ | रविवार, रात्री ११:०५

ताई सोप्पं आहे. एथिकल हॅकिंगचा कोर्स कर, ३ महिने, ऑनलाइन. सर्टिफिकेट मिळालं की पॅकेज मागशील ते. लिंक इनबॉक्स करतो.


जुना बिनतारी (रत्नागिरी) | सोमवार, सकाळी ६:१५

योद्ध्याच्या लिंकवर पैसे भरू नकोस. कोर्स वाईट असतो असं नाही, पण तीन महिन्यांत तपास शिकवतो म्हणणारा माणूस आधी तपासून घ्यावा.

मी निवृत्त आहे, पहाटे उठतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून दे.

मी १९८६ ला पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात लागलो. काम एवढंच की संदेश ऐकायचा आणि लॉगबुकात जसाच्या तसा उतरवायचा. पलीकडच्याने गावाचं नाव चुकीचं पाठवलं तरी चुकीचंच लिहायचं. वर वेळ, खाली सही. स्वतःची अक्कल त्यात घालायची नाही. पंचवीस वर्षं हेच केलं. मग २०११ च्या सुमारास सायबरसाठी माणसं हुडकायला लागले. साहेबांनी हिशेब केला, रेडिओवाला आहे, वायरी ओळखतो, कॉम्प्युटर पण जमेल. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. खोटं सांगत नाही.

माणसं हुडकायची वेळ का आली तेही सांगतो. आयटी कायदा २००० चा. त्यात सुरुवातीला तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असं होतं. दुरुस्ती लागू झाली ऑक्टोबर २००९ मध्ये, आणि कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षकाकडे आला. म्हणजे ज्या पीआयची हयात गावठी दारूच्या भट्ट्या आणि भाऊबंदांच्या बांधावरच्या मारामाऱ्या यांत गेली, त्याच्या टेबलावर अचानक ईमेलचे हेडर येऊन पडले. तो बिचारा डोकं धरून बसला. त्याच्या हाताखाली जी माणसं आली ती जिथून मिळाली तिथून उचललेली.

आमच्या खोलीत चौघं होतो. मी रेडिओवाला. दुसरा बीकॉम, त्याच्या वडिलांचं रेशन दुकान, लहानपणापासून साठा रजिस्टर भरत आलेला. कॉल डिटेल्सच्या हजार ओळी छापून दिल्या की पट्टी घेऊन बसायचा आणि संध्याकाळपर्यंत सांगायचा, हा नंबर रोज रात्री एकाच टॉवरखाली झोपतो. एक्सेल त्याला नंतर आलं. तिसरी बीई कॉम्प्युटर झालेली मुलगी. आम्हा सगळ्यांना मिळून जेवढं येत होतं त्याच्या दसपट तिला एकटीला येत होतं.

आणि चौथा एमए मराठी. हसू नकोस. त्याच्याइतका पंचनामा कोणाला लिहिता यायचा नाही. बाकीचे लिहायचे, "काळ्या रंगाचा एक सीपीयू". हा लिहायचा, "काळ्या रंगाचा सीपीयू, उजव्या पत्र्यावर अंदाजे तीन इंचांचा ओरखडा, मागील बाजूस निळी केबल जोडलेली, केबलचे दुसरे टोक मोकळे, पॉवरचा दिवा बंद." पाच वर्षांनी केस उभी राहिली की वकील त्याच ओरखड्यावर आपटायचा. हा तोच डबा कशावरून? तर हे बघा, तीन इंच.

बीईवाल्या मुलीची पहिली साक्ष मी स्वतः बघितली. वकिलाने विचारलं, मॅडम, हॅश म्हणजे काय ते कोर्टाला मराठीत सांगा. ती अल्गोरिदमपासून सुरू झाली, तिसऱ्या वाक्याला अडकली, घाम फुटला. घरी जाऊन तिने पाठ केलं. पुढच्या तारखेला म्हणाली, "साहेब, आतल्या माहितीवरून यंत्र एक आकडा काढतं. आत एक अक्षर बदललं तरी पूर्ण आकडा बदलतो. जप्तीच्या दिवशीचा आकडा पंचनाम्यात आहे. आज काढलेला आकडा तोच आहे." वकील खाली बसला.

आता तुझ्या फोनकडे येतो. तुझ्यासारखंच एका ठाण्यात झालं होतं, नाव नको. संगणक जप्त करून आणला. कोणाला तरी वाटलं चालतोय का बघूया. चालू केला. चालू केल्यावर नुसता बघत कोण बसणार, रात्रपाळीला पत्त्यांचा डाव मांडला. प्रयोगशाळेच्या अहवालात जप्तीनंतर चौथ्या रात्री सॉलिटेअर उघडल्याची नोंद आली, आणि आरोपीच्या वकिलाने ती भर कोर्टात वाचून दाखवली. विंडोजचा संगणक नुसता चालू केला तरी शेकडो फायलींच्या वेळा बदलतात, खेळायचीही गरज नसते. म्हणून डिस्क बाहेर काढायची, राइट ब्लॉकर लावायचा म्हणजे वाचता येतं पण लिहिलं जात नाही, त्यातून हुबेहूब इमेज काढायची, हॅश घ्यायचा, आणि काम त्या इमेजवर करायचं. मूळ डिस्क लाखेखाली.

दुरुस्तीवाल्याचा हात आधी पॉवरच्या बटणावर जातो. तो हात आवरायला तुला वर्ष लागेल. मला पण लागलं होतं, आणि मी तर नुसत्या वायरी ओळखणारा.

पोलीस व्हावंच लागतं का? तपास अधिकारी व्हायचं तर हो, एमपीएससीतून पीएसआय. पण ती परीक्षा पास झालीस म्हणजे सायबरलाच बसवतील असं नाही. बंदोबस्तात गणपती नि शिमगा जाईल, मग कधीतरी नंबर लागेल, आणि चार गोष्टी शिकलीस की बदली. या खात्यात माझं भांडण कशाशी असेल तर या बदल्यांशी. तयार झालेला माणूस उचलून वाहतुकीला नेऊन उभा करतात. तुला फोन केला त्या बाई पोलीस होत्या की प्रयोगशाळेच्या, ते तू लिहिलं नाहीस.


हीटगनवाली | सोमवार, दुपारी १:२०

काका, एका दमात वाचलं. एमए मराठीवाल्यांना माझा नमस्कार सांगा.

बाई पोलीसच होत्या बहुतेक, हुद्दा मी घाबरून नीट ऐकला नाही. पण एक शंका. मी नाही चालू केला तर आतलं बाहेर निघणार कसं? तो बोर्ड मेलेलाच होता.


कणकवलीची, सध्या मुंबईत | सोमवार, रात्री ९:५०

ही शंका माझ्या गल्लीतली आहे, म्हणून लॉगिन केलं. मी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत (फॉरेन्सिक लॅबमध्ये) होते, आता खासगीत आहे. माझं शिक्षण भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स. मला ओळखू नये म्हणून याहून जास्त सांगत नाही.

आधी हे ऐक, मग बाबांना ऐकव. तुझ्या हातात जे आहे त्याला आता मागणी आहे, दहा वर्षांपूर्वी होती त्याहून जास्त. कारण सांगते. पूर्वी मेलेला फोन आला की मेमरीची चिप गरम करून उचलायची, रीडरमध्ये घालायची, सगळं वाचायचं. आता फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती चिप उचलून हाती येतो तो कचरा. तोच प्रोसेसर, तीच मेमरी, तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. म्हणजे मायक्रोस्कोपखाली रेषा जोडणारं माणूस लागतं. आमच्याकडे फोनमधली माहिती काढणारी, सॉफ्टवेअरचा परवाना घेतलेली महागडी यंत्रं होती, सेलेब्राइट वगैरे, पण बोर्डच उठत नसेल तर ते यंत्र वायर लावून शोभेला ठेवायचं. दुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या एका मुलाने आमच्या विभागात जी कामं काढली ती मी अजून विसरले नाही. त्याला अहवाल लिहिता यायचा नाही, तो आम्ही लिहायचो. हे बरोबर नव्हतं, कारण ज्याने काम केलं त्यानेच कोर्टात सांगावं लागतं.

आता तू काय चुकलीस. चालू करणं ही चूक नव्हती. नेटवर्क असलेल्या जागी, सिमसकट, काही न लिहिता चालू केलास ही चूक. टॉवर मिळाल्यावर नवे मेसेज आत येतात, लांबून कोणी फोन पुसून टाकण्याचा आदेश दिला असेल तर तोही आत येतो. म्हणून फॅराडे पिशवी किंवा फॅराडे पेटी, जिच्यात सिग्नल शिरत नाही. सिम आधी काढून नोंदवायचं. आणि समुद्रातल्या फोनसाठी तांदूळ विसर. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पाण्यात सापडलेल्या फोनबद्दल लिहिलंय की बॅटरी काढावी आणि उरलेला फोन त्याच पाण्यात बुडवून, बंद डब्यात प्रयोगशाळेकडे पाठवावा. ऐकायला उलटं वाटतं, पण हवा लागली की मीठ बोर्ड झपाट्याने खातं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तुमच्या भागातून एकदा मस्त वाळवून, पुसून, कापसात गुंडाळून पाठवलेला फोन आला होता. उघडला तर आत मिठागर.

चालू फोन मिळाला तर उलटा धडा: बंद करायचा नाही. चालू झाल्यानंतर एकदा तरी लॉक उघडलेला फोन आणि बंद होऊन परत सुरू झालेला फोन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, दुसऱ्यातून फार कमी निघतं. त्यात २०२४ पासून आयफोन तीन दिवस कुलूपबंद पडून राहिला की आपणहून रीस्टार्ट होतो. ओरोसला जप्त झालेला फोन कागदपत्रं होऊन मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तीन दिवस कधीच गेलेले असतात. म्हणून पॉवर बँक लावून ठेवायचा आणि पहिलं काम जिल्ह्यातच करायचं, असं आम्ही घसा कोरडा करून सांगायचो.

माणसं कुठून येतात? प्रयोगशाळेत आमच्या विभागाचं नाव "संगणक गुन्हे, ध्वनी व ध्वनीफीत विश्लेषण". ध्वनीफीत बघून वर्षं झाली, नाव राहिलं. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, फॉरेन्सिक सायन्स अशा पदव्यांची माणसं. भरतीच्या जाहिरातीत पात्रता बारीक अक्षरात असते, दर वेळी नीट वाच. शिकायचं असेल तर मुंबईत फोर्टला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, २००९ पासूनची. आणि तुला तर गोवा जवळ. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं आवार फोंड्याला आहे. त्या वर्षी तिथे कुठला अभ्यासक्रम चालू आहे ते त्यांच्याकडूनच विचारून घे. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रमही आहे, त्याला प्रवेश परीक्षा लागते, पण तो जास्त करून नेटवर्क सुरक्षेकडे झुकलेला.

पैसे भरायच्या आधी फुकटात हात बसव. इमेज तपासायचं ऑटोप्सी नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, इमेज काढायचं एफटीके इमेजर मोफत आहे. एनआयएसटीने सरावासाठी एका लॅपटॉपची इमेज ठेवलीय, सोबत प्रश्नही आहेत: मालक कोण, शेवटी कोणी लॉगिन केलं, कुठली साधनं बसवली होती. दुकान बंद झाल्यावर ती सोडव. एकतीस प्रश्नांची उत्तरं, प्रत्येक उत्तर कुठून काढलं त्यासकट, लिहून दाखवलीस तर मुलाखतीत मी तरी सर्टिफिकेट विचारणार नाही.


देवगडच्या पेट्या | मंगळवार, सकाळी १०:१०

विषय चाललाच आहे तर आमच्या आंब्याचे पैसे गेलेत ते कुठे विचारायचं? "आर्मी कॅन्टीनला ५० पेट्या हव्यात" म्हणून फोन आला होता.


निवृत्त कॅशियर (गुहागर) | मंगळवार, दुपारी ३:००

देवगडवाले, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग इथे लिहा. झाल्यापासून जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येतात. cybercrime पोर्टलवर तक्रारही टाका.

मुली, माझी चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे गेली. सायबर हा शब्द मी निवृत्तीच्या सुमारास ऐकला. पण आमच्या शेजारच्या बागायतदाराला असाच कॅन्टीनवाला भेटला, तेव्हा पोलिसांच्या आधी त्याचं पासबुक मी बघितलं. आधी पाच रुपये गेलेले, लगेच दहा परत आलेले. मग "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणून वीस हजार गेले, परत वीस. मी म्हटलं, अरे, पाच रुपये देऊन त्याने तुझा विश्वास विकत घेतला. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पुढे पैसे तीन खात्यांतून फिरले, तिसऱ्यात थोडे अडकले. ती वाट सायबरवाल्या मुलाने स्क्रीनवर दाखवली, पण कुठल्या खात्याची चाल संशयाची हे मला बघताक्षणी कळलं. वर्षभर हजार-पाचशेची उलाढाल असलेल्या खात्यात एका दुपारी दोन लाख येऊन एका तासात रिकामं, असं खातं मालकाचं नसतं, भाड्याने दिलेलं असतं. ते बघून त्या अधिकाऱ्याने मला नंतर दोन वेळा बोलावलं. चहावर.

सांगायचं म्हणजे यात हिशेबाची माणसंही असतात. सीए लोकांसाठी त्यांच्या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा वेगळा अभ्यासक्रम आहे, माझा भाचा तो करून बसलाय.

आणि एक गोष्ट, मला फार आवडते. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीच्या कामाचे पैसे संपले म्हणून त्याला संगणक विभागात बसवलं. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता, तो शोध म्हणाले. बाकी कोणी असता तर खिशातून टाकून वही बंद केली असती. याने सोडलं नाही. फोनच्या तारांना प्रिंटर जोडले, आलेला प्रत्येक शब्द छापून घेतला, सगळं वहीत टिपत राहिला, आणि माग लागला तो थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या माणसापर्यंत, जो लष्करी संगणकांत शिरून माल केजीबीला विकत होता. माझ्या काउंटरला ७५ पैशांचा फरक आला की आम्ही रात्री आठपर्यंत बसायचो. घरचे म्हणायचे, वेडी आहेस. तेव्हा मला स्टोल माहीत नव्हता.


जुना बिनतारी | मंगळवार, दुपारी ४:३०

कॅशियर बाईंना सलाम. आमच्या रेशनवाल्याची आठवण झाली.


काळा कोट (चिपळूण) | मंगळवार, रात्री ११:३०

वकिलाची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून थोडक्यात. मी बहुतेक वेळा बचाव पक्षाकडून उभा असतो, म्हणजे वरच्या सगळ्यांच्या चुका हे माझं पोट.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आलाय. जुनं ६५-ब आता कलम ६३. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हॅश कुठल्या पद्धतीने काढला तेही नमुन्यातच आहे. आता हा तज्ज्ञ नेमका कोण, यावर आमच्या बाररूममध्ये चहाच्या चहा संपतात. पण त्या भागाखाली सही करायला माणूस शोधत पक्षकार फिरतायत, ही वस्तुस्थिती. साधा चेकचा दावा असो की नवरा-बायकोचे व्हॉट्सअॅप चॅट.

प्रमाणपत्राशिवाय काय होतं हे महाराष्ट्राला जालन्याने शिकवलं. २०१४ ची विधानसभा, उमेदवारी अर्ज वेळेत भरले की उशिरा यावर वाद, निवडणूक कार्यालयातलंच व्हिडिओ चित्रीकरण. पण सीडीसोबत प्रमाणपत्र नाही. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच.

आणखी एक बदल. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आलंय. राज्यांना त्यासाठी मुदत दिलीय, पण कधी ना कधी माणसं भरावीच लागणार.

हीटगनवाली, तुझ्या त्या खाडीतल्या फोनची केस माझ्याकडे आली तर मी पहिला साक्षीदार तुलाच बोलवेन. घाबरू नकोस. जे झालं ते झालं तसं सांगायचं. "आठवत नाही" हेही उत्तर असतं. मला भीती वाटते ती ज्यांना सगळं आठवतं त्यांची नाही, ज्यांनी त्याच वेळी लिहून ठेवलेलं असतं त्यांची.


सायबर_योद्धा_९९ | बुधवार, सकाळी ९:००

मी पण कोर्सचे पैसे भरलेत हो. परत मिळतील का?


निवृत्त कॅशियर | बुधवार, सकाळी ९:२०

पावती आहे का रे बाळा?


हीटगनवाली | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. लॅपटॉपची ती इमेज उतरवायला घेतलीय, आमच्या नेटवर सकाळपर्यंत उतरली तर नशीब. फोंड्याला पुढच्या आठवड्यात जाऊन विचारून येते, मामाची पर्वरीला सुट्या भागांची खेप असतेच, गाडीत बसेन. बाबांना "कणकवलीची"चं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मुंबयत ऱ्हवता काय ता? जेवता खय?" म्हणजे अर्धे तयार आहेत.

आज मालवणहून एक फोन आला, साधं गिऱ्हाईक, पोलिसांचा नाही. तरी सवय म्हणून वहीत लिहिलं: वेळ, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), बॅटरी कुठली, सिम आत, काचेला वर डावीकडे तडा. मामा म्हणाला दुकानाची लायब्ररी करतेस काय. पण लिहिताना आयएमईआयचे दोन आकडे चुकले, आणि खाली सगळं गिचमीड झालं. काका, तुम्हाला विचारायचं होतं, अशा वेळी ते पान फाडून नव्याने लिहिलं तर चालतं ना?


जुना बिनतारी | गुरुवार, पहाटे ५:५०

पान फाडायचं नाही. चुकलेल्या आकड्यांवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर दुकानात असेल तर मामाच्या खणात ठेव. आणि वही बांधणीची घे, स्पायरलची नको. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आजच नंबर घाल.